वन पॉइंट सिक्सचा लॅपटॉप

देवरी,
७ फेब्रुवारी २०११

प्रिय राजू, जयभीम.

पाकीट पाहून दचकू नको, घरी सगळे बरे आहेत. पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर मला बोलता येत नाही. दुकानाच्या पाटीवर तुझ्या जिजाजींनी ‘विवेक व्हिडिओ, लग्नाचे शूटिंग व मिक्सिंग’ याच्या खाली जो नंबर रंगवला, तोच आमच्या घरातला फोन. जिजाजी गेल्यापासून तो माझ्या सासऱ्यांच्या खिशात असतो. मामंजी दिवसभर दुकानातच बसतात. मी काय बोलते ते ऐकतात, आणि काय बोलत नाही तेही ऐकतात.

शूटिंग मला जमतं, मिक्सिंगही जमतं. या लगीनसराईत कामंही हाती आहेत. अडवतो तो लॅपटॉप. जिजाजींनी जुना घेतलेला तोच, पेंटियम फोर, टू पॉइंट एट. रेंडरला लावला, म्हणजे सगळे तुकडे जोडून एक सलग फिल्म बनवायला सोडला, की तो तव्यासारखा तापतो आणि अर्ध्यातच बंद पडतो. मग पुन्हा पहिल्यापासून. परवा चिचगडच्या लग्नात नवरीच्या पाठवणीपर्यंत आला आणि मेला. तिचा बाप रोज चक्कर मारतो, मी रोज उद्या म्हणते.

मामंजींनी मला तारीख दिली आहे. बुद्ध पौर्णिमेपर्यंत घेतलेली सगळी लग्नं लोकांच्या घरी पोचली तर दुकान माझ्याकडे राहील. नाही पोचली तर धाकट्या भाऊजींना तिथे मोबाइलचं दुकान टाकायचं आहे, आणि मी घरात. त्या घरात नुसतं बसणं म्हणजे काय, ते तू दोनदा येऊन पाहिलं आहेस.

तू पुण्यात दिवसभर लोकांचे लॅपटॉपच उघडून बसतोस. मला एक बरा पाठव. उत्तर रचनाच्या पत्त्यावर दे. ती आमच्या गल्लीत अंगणवाडीत आहे आणि तोंड बंद ठेवते.

तुझी,
रंजिताताई

*

पुणे,
२ मार्च २०११

ताई, जयभीम.

कामठ्याचा नंदलाल आज महाराष्ट्र एक्स्प्रेसने गावी निघाला आहे. हे पत्र आणि लॅपटॉप त्याच्याच हाती देतो. तो म्हणाला, देवरीपर्यंत स्वतः आणून देईन.

दोन मेलेल्या लॅपटॉपांतून एक जिवंत केला आहे. म्हणून झाकण काळं आणि अंग चांदीच्या रंगाचं. रंगावर जाऊ नको. आत कोअर आय सेव्हन आहे. आमच्या मालकाच्या टेबलावरही असा नाही. तुझा पेंटियम याच्यासमोर उभा राहणार नाही, एवढं लिहून ठेव.

फक्त मिक्सिंगचं सॉफ्टवेअर टाकायचं राहिलं. टाकत बसलो असतो तर नंदलालची गाडी चुकली असती. सीडी मागून पोस्टाने पाठवतो. तोवर नुसता चालू करून बघ. आणि मामंजींना म्हणावं, आता तारीख मोजत बसा. नाही, असं काही म्हणू नको.

राजू

*

देवरी,
१४ मार्च २०११

राजदीप यास,

लॅपटॉप मिळाला. नंदलालभाऊंना चहा दिला.

मामंजींनीच तो उघडला. त्यांनी आयुष्यभर गोंदियाच्या राइस मिलमध्ये मोटरी सांभाळल्या, त्यामुळे कुठलीही मशीन आली की आधी तिच्यावरचा आकडा वाचतात. कॉम्प्युटरमध्ये तो कुठे दिसतो ते मीच त्यांना दाखवलं होतं. आकडा निघाला वन पॉइंट सिक्स. जुन्याचा टू पॉइंट एट. मग त्यांनी त्याच्यावर तळहात ठेवला आणि तसेच बसून राहिले. म्हणाले, “गरमच नाही होऊन राहिला. पंख्याचाही आवाज नाही. याच्यात दमच नाही, पोरी. अडीच एचपीची मोटर काढून दीड एचपीची लावाले सांगते का तुहा भाऊ?”

तुझी सीडी आलेली नाही आणि आमचं जुनं सॉफ्टवेअर त्यात चालत नाही, त्यामुळे काम लावून दाखवता येईना. मामंजींनी गोंदियाच्या एका लॅपटॉपवाल्याला फोन लावला. तो हसला. “चाचा, लोग आगे जाते हैं, आप पीछे जा रहे हो.” फोन स्पीकरवर होता, समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती.

राजू, जमत नसेल तर नाही म्हणायचं होतंस. तुमच्या दुकानातला टाकून दिलेला माल जोडून पाठवलास, दोन रंगांचा. विधवा बहिणीला त्यातलं काय कळणार, असंच ना? तू रचनाच्या फोनवर फोन केला होतास. मी मुद्दाम आले नाही. फोनवर रडले असते. कागदावर रडलं तर तुला दिसत नाही.

रंजिता

*

पुणे,
२० मार्च २०११

ताई,

तुझं पत्र वाचलं. टाकून दिलेला माल? जेवायच्या सुट्टीत न जेवता तो जोडला मी. तुझ्या सासऱ्याला एक आकडा दिसला आणि तू त्याच्या पलीकडे माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

आता शांतपणे वाच. चूक माझीही आहे, मी समजावून लिहायला हवं होतं.

तो आकडा म्हणजे प्रोसेसर किती भरभर पाऊल टाकतो, एवढंच. एका पावलात काम किती उरकतो, ते त्यात नसतं. आणि पावलं टाकणारे किती जण आहेत, तेही नसतं. तू भाताच्या रोवणीला गेली आहेस. एक बाई फार चपळ, पण एकटीच, आणि एका वाकण्यात एकच रोप लावते. तिच्या शेजारच्या शेतात, तेवढ्याच बांधीत, चार बाया आहेत. त्या संथ आहेत, पण वाकल्या की मूठभर रोपं लावूनच उठतात. संध्याकाळी कोणाची बांधी भरलेली असेल? तुझा पेंटियम ती एकटी बाई आहे. या नव्यात चौघी आहेत.

दुसरं, गरम होणं म्हणजे ताकद नव्हे. ती वाया गेलेली वीज. कोअर आय सेव्हनला अजून कामच दिलेलं नाही, तर तो तापेल कशाला? मिलमधली मोटर रिकामी फिरवली तर ती तापते का, विचार मामंजींना. त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणूनच मला राग येतो.

सीडी याच पाकिटात आहे. टाक, आणि चिचगडचं लग्न रेंडरला लाव. मग मला लिही. तोपर्यंत तो लॅपटॉप कोणाच्याही हातात देऊ नको. हे मी हात जोडून लिहितो.

राजू

*

देवरी,
२१ मार्च २०११

प्रिय राजू,

मागच्या पत्रात मी फार तोडून लिहिलं. तुला लागलं असेल. तुझी परिस्थिती मला माहीत आहे, तू जमेल तेच पाठवलंस. आता मनातून काढून टाक, कारण अडचण सुटली आहे.

काल मामंजी तुझा लॅपटॉप पिशवीत घालून पहिल्या बसने गोंदियाला गेले. त्या दुकानदाराने तो ठेवून घेतला आणि बदल्यात दुसरा दिला. पेंटियम फोरच आहे, पण थ्री पॉइंट झीरो सिक्स. आपल्या जुन्यापेक्षाही जास्त. वर एक पैसा मागितला नाही, उलट चहा पाजला म्हणे. मामंजी इतके खूश होऊन आले की येताना माझ्यासाठी कचोरी आणली. तुझे जिजाजी गेल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

चालू केला की पंख्याचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. आमचं जुनं सॉफ्टवेअर यात चाललं. आज टीना म्हणून एका गिऱ्हाइकाच्या मुलीच्या लग्नाची कॅसेट त्यात चढवते आहे. आता बघ, पौर्णिमेच्या आधीच सगळी लग्नं घरोघरी.

तुझी ताई

*

पुणे,
२७ मार्च २०११

ताई,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं तुला एव्हाना मिळालं असेल.

चहा का पाजला, ते आता तुला कळलंच असेल.

राजू

*

देवरी,
१९ एप्रिल २०११

प्रिय राजू,

तुझं पत्र मी रचनाच्या अंगणवाडीत वाचलं, पोरांची खिचडी शिजत होती तिथे. रोवणीचं दोनदा वाचलं. सीडी हातात होती आणि ती ज्यात टाकायची ते नव्हतं. त्याच दिवशी गोंदियाच्या दुकानात फोन केला, रचनाच्या मोबाइलवरून. दुकानदार म्हणाला, “वो तो उसी शाम बिक गया, दीदी.”

आता खरं लिहिते. थ्री पॉइंटचा हा लॅपटॉप आपल्या जुन्यापेक्षा लवकर बंद पडतो. मार्चमध्ये कसाबसा तग धरला. आता ऊन असं आहे की पत्र्याखाली बसवत नाही, आणि हा तर पंखा फिरवता फिरवताच विझतो. लोडशेडिंग सुरू झालं की बॅटरी श्वास घ्यायलाही थांबत नाही. टीनाचं लग्न चारदा लावलं, चारदा गेलं. जयंतीच्या मिरवणुकीचं शूटिंग केलं, विहार समितीला सीडी द्यायची आहे, ती तशीच पडून आहे. मी जुना आणि हा आलटून पालटून वापरते. एकाखाली ओलं फडकं ठेवते तोवर दुसरा थंड होतो.

मामंजी समोर बसून सगळं बघतात. काल म्हणाले, “मशीन तं तीन पॉइंटची आणून देली. आता काऊन अडून राहिलं? तुहाच हात बसून नाही राहिला याच्यावर.” धाकटे भाऊजी दारात उभे होते. त्यांनी नुसतं शटरच्या मापाकडे पाहिलं.

राजू, मी फडकं पुन्हा ओलं करून आणलं. काय सांगणार होते? की मामंजी, चांगली मशीन तुम्ही देऊन टाकली? ज्यांनी निकाल द्यायचा त्यांचीच चूक आहे. चूक सांगितली तर माझ्यावर रागावतील, नाही सांगितली तर माझ्या हातात दोष निघेल. दोन्हीकडून दुकान जातं. मला फार भीती वाटते.

तुझी ताई

*

पुणे,
२४ एप्रिल २०११

ताई,

दुसरा तसा लॅपटॉप पौर्णिमेच्या आत मला जमणार नाही. असे दोन मेलेले एकाच वेळी हाती लागायला नशीब लागतं, ते मी एकदा वापरलं.

पण सांगायला नशीब लागत नाही. तू सांगत नसशील तर मी सांगतो. मी मामंजींना दुकानाच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पत्र पाठवणार आहे. रोवणीचं सगळं लिहीन आणि शेवटी लिहीन, तुमच्या हट्टापायी माझ्या बहिणीचं पोट गेलं. त्यांना राग येऊ दे. तू त्यांच्या घरात राहतेस, मी राहत नाही.

राजू

*

देवरी,
३० एप्रिल २०११

राजू,

लिहू नको. तुला माझी शपथ.

तू त्यांच्या घरात राहत नाहीस म्हणूनच लिहू नको. पोस्टमन पाकीट देईल तेव्हा त्यांच्या समोर मी असणार आहे. सुनेच्या माहेरून अक्कल शिकवायला पत्र आलं, असंच ते धरतील आणि त्याच दिवशी शटर ओढतील. त्यांना राग आला की ते चूक-बरोबर बघत नाहीत. तुझ्या जिजाजींनाही त्यांनी असंच एकदा घराबाहेर काढलं होतं, नंतर स्वतःच रडत बसले.

काही करायचंच असेल तर ते मीच करीन. आमगावचा भोजराज म्हणून एक मिक्सिंगवाला आहे. गोंदियाच्या त्या दुकानदाराकडून पुन्हा पुन्हा विचारून कळलं, तुझा लॅपटॉप त्यानेच घेतला. फोन केला तर म्हणाला, “कामं घेऊन या ताई, धंद्यातलं माणूस आहा तुम्ही, करून देतो.” त्याला बाकी काही माहीत नाही. मी जाणार आहे. अडचण एवढीच, मामंजी मला एकटीला आमगावला जाऊ देणार नाहीत, सोबत येतील.

मग विचार केला, येऊ देत.

ताई

*

देवरी,
१५ मे २०११

प्रिय राजू,

परवा आम्ही आमगावला जाऊन आलो. मामंजींना एवढंच सांगितलं होतं की तिथे भाड्याने मिक्सिंग होतं.

भोजराजचं दुकान म्हणजे एक खोली आणि एक टेबल. टेबलावर तुझा लॅपटॉप. काळं झाकण, चांदीचं अंग. मी मामंजींकडे बघायचं टाळलं. टीनाचं लग्न त्याच्यात घातलं, जोडणी तपासली आणि रेंडरला लावलं. भोजराज आमच्यासाठी भजी घेऊन आला. खाणं आटोपतं न आटोपतं तोच म्हणाला, “झालं ताई, दुसरं द्या.” जे लग्न आपल्याकडे चारदा मेलं, ते झालेलं. राजू, मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं, दोन्ही मी गिळलं.

मामंजी उठून टेबलापाशी आले. म्हणाले, “हा कितीचा आहे बाबू?” भोजराज म्हणाला, “वन पॉइंट सिक्स. आकडा नका पाहू बाबाजी, आत चार जण बसून आहेत.” आणि मग त्या भल्या माणसाने हसत हसत पुढचं सांगितलं. “गोंद्यावरून घेतलो. कोण्या येड्या बुढ्यानं पेंटियमच्या डब्ब्यावर बदलून देला म्हणे. दुकानदार अजून हासून राहिला.”

वाटलं, आता मामंजी टेबल उलटवतात, किंवा मला भर दुकानात विचारतात, तू मला इथे मुद्दाम आणलंस का. पण ते चिचगडचं लग्न होईपर्यंत उभे राहिले. बसमध्ये खिडकीशी बसले आणि देवरी येईपर्यंत बाहेर बघत होते. घरी जेवले नाहीत. काल दुकानात आले नाहीत, आजही नाही. माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत.

त्यांनी ओळखला की नाही, मला माहीत नाही. ओळखला असेल तर मी त्यांचा अपमान घडवून आणला, असं ते समजतील, आणि ते खोटंही नाही. बरीच लग्नं पोचली, पण सगळी नाही. परवा पौर्णिमा आहे. धाकट्या भाऊजींनी काउंटरसाठी सुताराला बोलावलं आहे. मी आज दुकानाच्या कोपऱ्यात बसून हे लिहिते आहे, आणि इथे बसून लिहिलेलं हे शेवटचं असेल असं मला वाटतं.

तुझी ताई

*

देवरी,
१९ मे २०११

चि. राजदीप यास शालिकरामचा जयभीम.

सुनेला आज वेळ नाही, म्हणून मी लिहीत आहे. तुझा पत्ता तिनेच दिला. लिहायची मला सवय नाही, चूकभूल चालवून घे.

पौर्णिमेला विहारातून वंदना करून आलो तर धाकटा आणि सुतार दुकानात टेप लावून मापं घेत होते. सून कॅसेटी पिशवीत भरत होती. तीन लग्नं पोचायची बाकी होती. धाकटा म्हणाला, “बाबा, तारीख झाली.” मी म्हटलं, “झाली. पण थे मशीन मी आणली. बरी मशीन मीच गोंद्याले नेऊन देली. हारलो तं मी हारलो. तिचं दुकान काऊन जाईन?” तो म्हणाला, “पण तुमीच ठरवलं होतं.” मी म्हटलं, “मीच ठरवलो, मीच मोडतो.” सुताराला त्याच्या येण्याजाण्याचे दिले आणि परत पाठवलं. धाकट्याला बसस्टँडकडे जागा बघून देणार आहे. दुकान सुनेचं आहे. बाकीच्या लग्नांचं मिक्सिंग आमगावला होत आहे, कॅसेटी मी नेतो आणि आणतो.

आमगावात तुझा लॅपटॉप मी दारातूनच ओळखला होता. दोन रंगांची मशीन मी दुसरी पाहिलेली नाही. त्या पोराने मला येडा म्हटलं, ते बरोबर म्हटलं. लोड न देता मोटर तपासली मी. मिलमध्ये कोणी असं केलं असतं तर मी त्याला गेटाबाहेर काढलं असतं. तीन दिवस मी घरात पडून होतो, ते त्या पोराच्या बोलण्याने नाही.

आमच्या मिलचा मालक जुनी मोटर द्यायचा. ती अडली, तांदूळ कमी पडला, की सगळ्यांदेखत म्हणायचा, शालिकराम, तुझा हात बसत नाही. घरी येऊन मी त्याच्या नावाने बोटं मोडायचो. विवेक लहान होता, तो ऐकायचा. तेच बोलणं, त्याच शब्दांत, मी माझ्या सुनेला बोललो, आणि बोलताना मला ते कळलंसुद्धा नाही.

तिने मला एकदाही म्हटलं नाही की मामंजी, तुम्ही चुकलात. म्हटलं असतं तर मी त्याच दिवशी शटर ओढलं असतं, माझा स्वभाव मला माहीत आहे. तिलाही माहीत होता. म्हणून ती दोष आपल्या हातावर घेऊन गप्प राहिली. मालकासमोर मीही असाच गप्प राहायचो.

शालिकराम